पुड्यांचे वाटे

“माझी गोड लागती गं,” माझ्या डाव्या खांद्याशी कुणीतरी कुरकुरलं.

“मग बरं हाय की. गप गिळायची.”

“गोड कुठं औषध असतंय? साखर देत्यात ही माणसं. सही घेऊन साखर देत्यात.”

मी मान वळवली नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर सहा जणांच्या जागेत आम्ही नऊ जण बसलो होतो, वळवली असती तर नाकाला नाक लागलं असतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. साठी उलटलेला, पैलवानी बांध्याचा, पांढऱ्या टोपीतला माणूस होता आणि त्याच्या पलीकडे मांडीवर जेवणाचा डबा घेतलेली त्याची बायको. माझ्या उजव्या अंगाला आमचे हे. त्यांनीही ते ऐकलं असावं, कारण त्यांचं कोपर हळूच माझ्या कोपराला लागलं.

“आपली पण गोडच आहे,” ते पुटपुटले.

सात महिन्यांत ह्यांनी आपणहून मला हात लावला तो तेवढाच. हात म्हणजे कोपर. म्हणून तो गुरुवार अजून माझ्या लक्षात आहे. अकरा वर्षं झाली त्याला.

आमचे हे म्हणजे सर्जेराव, वीज मंडळात वायरमन. तासगावच्या अलीकडे एका खांबावरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. स्क्रू घातले, पट्टा बांधला, चार महिन्यांनी चालायला लागले. हाडांचे डॉक्टर खूश झाले. फक्त शेवटच्या दिवशी, हात धुता धुता म्हणाले की पडताना आतली एक नस दुखावली आहे, तिचं काम कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. कसलं काम ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. घरी आल्यावर कळलं.

मग ह्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. आमच्या घरात बाहेरच्या खोलीत माझं मिरची कांडप आणि मसाल्याचा धंदा, आत आम्ही दोघं. मुलगी पुण्याला नर्सिंगला. आधी म्हणाले, कमरेला पट्टा आहे, तुला अडचण होईल. पट्टा निघाला. मग म्हणाले, “बरा झालो की येतो आत.” मिरचीच्या पोत्यांमध्ये झोपून माणूस रात्रभर शिंकायचा आणि सकाळी डोळे लालभडक घेऊन चहाला बसायचा. शेजारच्या कमलवहिनींना वाटे की हा आतल्या आत रडतो. त्या मला म्हणायच्या, “पुरुषांना मन मोकळं करता येत नाही गं.” मी म्हणायची, नाक तरी होतंय.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या पावसाळ्यात ह्यांनी एकदा जेवताना खाली बघत सांगितलं, “दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर जतला एक जागा मोकळी होतेय. बदली मागतो. क्वार्टर मिळतं तिथं.”

“आणि मी?”

“तुझा धंदा आहे की इथं.”

माझ्या धंद्याची एवढी काळजी त्यांनी वीस वर्षांत केली नव्हती.

तर मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात, नाव सांगत नाही, अशाच दुखावलेल्या नसेवर एक नवीन औषध करून बघत होते. हाडांच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली. तिथले डॉक्टर राजोपाध्ये अगदी कोवळे होते. बोलताना आमच्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघायचे, आणि विषय जवळ आला की त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांनी पेपरवेटला समजावून सांगितलं की निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना दिसायला तसंच पण आत काही नसलेलं. कुणाला काय मिळालं ते त्यांनासुद्धा माहीत नसणार. रोज सकाळी एक पुडी पाण्यातून घ्यायची. नवऱ्यानं वही लिहायची, बायकोनं वेगळा फॉर्म भरायचा, एकमेकांना दाखवायचा नाही. सहा आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही तर नाव कमी होईल.

फॉर्ममध्ये लिहिलं होतं : ‘सदर आठवड्यात प्रसंग घडला काय? घडल्यास वार लिहा. जोडीदाराचे समाधान एक ते पाच या प्रमाणात नमूद करा.’

समाधानाचं माप मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या गुरुवारी रक्त देऊन झाल्यावर बाकावरची मंडळी कँटीनमध्ये एका टेबलाला आली. पांढऱ्या टोपीवाले म्हणजे तातोबा माने, सगळे त्यांना तात्या म्हणायला लागले. ते कवठेमहांकाळकडच्या एका गावचे, बायको हिराक्का. दुसरे करंदीकर सर, गणिताचे निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट, बायको एक शब्द बोलणार नाही अशी. तिसरा इकबाल, तिथलाच मिरजेचा, तंबोऱ्याचे भोपळे कोरणारा, चौतिशीचा, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. त्याची बायको पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली.

“तुमची नस कशानं?” तात्यांनी ह्यांना विचारलं, गाव कुठलं विचारावं तसं.

“खांबावरनं पडलो.”

“माझी गाठ काढताना कापली. सरांची पण गाठच. ह्यो पोरगा मोटारसायकलवरनं गेला.” तात्यांनी बशीत चहा ओतला. “कापली काय, तुटली काय, गाडी थांबली ती थांबली.”

“अहो, हळू,” हिराक्का म्हणाल्या.

आजाराचं नाव त्या टेबलावर कुणी घेतलं नाही. ‘नस’ म्हणायचं, किंवा ‘ते’. सर ‘सदर समस्या’ म्हणायचे.

“पुडी कशी लागती तुमची?” तात्यांनी मुद्द्यावर आणलं.

“गोड,” हे म्हणाले.

“माझी पण गोड. सर?”

“कडू. जिभेवर तासभर राहते.”

“कडूजहर,” इकबाल म्हणाला. “मी गूळ खातो वरनं.”

तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “झालं मग. तुम्हा दोघांस्नी औषध, आम्हा दोघांस्नी साखर. ह्याला काय न्याय म्हणायचा?”

“एक मिनिट,” सर म्हणाले. बोट वर करायची त्यांची सवय गेली नव्हती. “कडू तेच औषध हे गृहीत कुणी धरलं? आपण फसावं म्हणून खोट्या पुडीला मुद्दाम कडू केलं असेल तर? मग तुम्हा दोघांना औषध आणि आम्ही दोघं विनाकारण तोंड कडू करतोय.”

इकबालचा चेहरा पडला. त्यानं गुळावर बराच भरवसा ठेवला होता.

प्रत्येक जण समोरच्याकडे असा बघत होता की काळीज ह्यानंच पळवलं. काळीज म्हणते ते तात्यांच्या पुढच्या बोलण्यामुळे. त्यांच्या गावात यात्रेला बोकड पडला की वाटे घालायला तात्यांनाच बोलवत. चाळीस वर्षं. मटण सगळं एकत्र करायचं, पानांवर सारखे वाटे लावायचे, प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा आला पाहिजे, प्रत्येक वाट्यात हाडही. मग एकानं पाठ करून उभं राहायचं, तात्यांनी वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, “ह्यो कुणाचा?” आणि पाठमोऱ्यानं न बघता नाव सांगायचं. चाळीस वर्षांत भांडण नाही.

“तसंच करायचं,” तात्या म्हणाले. “सगळ्या पुड्या फोडून एकत्र करायच्या. सारखे वाटे घालायचे. कुणी उपाशी नाही, कुणी तुपाशी नाही.”

“माझ्यापुढे बोकडाचं उदाहरण नको,” सर म्हणाले.

“बरं, वांगं समजा.”

“वांग्याला काळीज नसतं, तात्या.”

“पण निम्मं औषध पोटात गेलं तर निम्मा तरी गुण येईल की, सर?” इकबाल म्हणाला.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर काहीतरी मांडलं. मग म्हणाले, “शून्याची शक्यता जाते, हे खरं.” गणितानं परवानगी दिल्यावर त्यांना जास्त वेळ लागला नाही.

“पण सारखं मिसळणार कोण?” त्यांनी विचारलं. “ते सोपं नाही. एका पुडीत सगळं आणि दुसरीत काहीच नाही असं होऊ शकतं.”

तेव्हा आमचे हे बोलले. “ही मिसळंल. शंभर किलो मसाल्यात ही पाव किलो हिंग असा पसरवते, कुठनंबी चिमूट घ्या, हिंग लागणार.”

ह्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. आता मला ‘नको’ कसं म्हणता येणार होतं?

हे चूक आहे ते मला कळत नव्हतं असं नाही. शाळा माझी सातवीपर्यंत. पण मसाल्याच्या पुड्या बांधायला जी रद्दी येते ती वाचल्याशिवाय मी बांधत नाही, आणि अशा औषधांच्या तपासणीबद्दल मी एका पुरवणीत वाचलं होतं. सही केलेल्या माणसानं असं करायचं नसतं. पण आमची पुडी गोड होती. साखर खाऊन माझा नवरा जतला जाणार असेल तर ते मला कबूल नव्हतं.

रविवारी दुपारी तिघेही आमच्याकडे आले. प्रत्येकाच्या पिशवीत पंचवीस पुड्या, आमच्या पंचवीस घरात. बायकांपैकी फक्त हिराक्का आल्या, त्यांना मसाल्याचा भाव विचारायचा होता. मी दार ओढून घेतलं, मोठी परात घासून कोरडी केली, आणि शंभर पुड्या कात्रीनं कापल्या. पांढरी भुकटी, पिठीसाखरेसारखी. परातीत एवढासा ढीग झाला. पाच मोठी माणसं त्याच्याभोवती मांडी घालून बसली होती आणि कुणी जोरात श्वास घेत नव्हतं.

मी एका हातानं कडेकडेनं आत ओढत मिसळलं. मग चाळलं. मग परत मिसळलं, परत चाळलं. तीनदा. तिसऱ्या वेळी इकबालला शिंक आली. तो तोंड फिरवून शिंकला. मग सर शिंकले.

मी चाळणी उजेडाकडे धरली. परात मी घासली होती. चाळणी तशीच घेतली होती. चाळणीच्या तारांत संकेश्वरी मिरची बसलेली असते, ती दहा पाण्यांनी निघत नाही. पांढऱ्या भुकटीवर बारीक गुलाबी झाक आली होती.

“ताई, हे गुलाबी का दिसायलंय?” तात्यांनी विचारलं.

“हवा लागली की होतं तसं,” मी म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून कमलवहिनी आत आल्या. परात, तराजू, चार पुरुष. “नवीन मसाला वाटतं?”

“दूध मसाला,” मी म्हणाले.

“मला पाव किलो ठेव गं,” म्हणून गेल्या. सरांनी घाम पुसला.

वजन करून मी एक-एक पुडी माझ्या प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत भरली आणि यंत्रावर सील केली. तात्यांनी चार वर्तमानपत्रं पसरून पंचवीस-पंचवीसचे वाटे लावले. पुड्या एकसारख्या असूनही त्यांनी दोनदा इकडची उचलून तिकडे ठेवली, हाताला सवय. मग इकबाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“ह्यो कुणाचा?”

“सरांचा.”

“आन् ह्यो?”

“तुमचा, तात्या.”

सरांनी आपला वाटा पिशवीत भरताना मान हलवली. “ही पद्धत निर्दोष आहे,” ते म्हणाले. बोकड ते विसरले होते.

सोमवारी सकाळी ह्यांनी पुडी पाण्यात ढवळून एका दमात घेतली. डोळे विस्फारले, कान लाल झाले.

“लागतंय,” ते म्हणाले.

“कुठं?”

“घशाला.”

दहा मिनिटांत तात्यांचा फोन. “ताई, आता औषध वाटतंय बघा. पार बेंबीपर्यंत जाळत गेलं. आधीचं नुसतं सरबत होतं.” इकबालनं निरोप पाठवला की गूळ लागत नाही आता, पाणी लागतं. सरांनी फोनवर ‘स्पष्ट उष्णता’ असे शब्द वापरले.

मला वाटलं, औषधाचाही असेल थोडा जाळ. माझ्या संकेश्वरीनं एवढं कसं होईल. मनाला मी रोज असं समजावत होते आणि रोज सकाळी ह्यांच्यासमोर पाण्याचा दुसरा तांब्या ठेवत होते.

ह्यांच्यात मात्र फरक पडला. रोज दाढी. केसांना तेल. घरातला पंखा दोन वर्षं कुरकुरत होता तो दुरुस्त केला. एकदा मी मसाला भाजत असताना मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, “छान वास सुटलाय,” आणि उभेच राहिले. मी उलथनं हलवायची थांबले. मसाला करपला. मग म्हणाले, “बघू अजून आठवडाभर,” आणि बाहेर गेले.

आठवड्याचा फॉर्म समोर घेऊन मी बसले. ‘प्रसंग घडला काय?’ नाही, असा चौकोन होता. पेन तिथपर्यंत नेलं. मग मला ते डॉक्टर दिसले, पेपरवेटला सांगताहेत की सर्जेरावांना काही फरक नाही, नाव कमी करा. आणि हे, पिशवी भरताहेत जतला जायला. मी लिहिलं : सोमवार, शनिवार. समाधान चार. पाच लिहिलं असतं तर संशय आला असता.

पुढच्या आठवड्यात परत तेच लिहिलं. महिना सरला, नव्या पुड्या मिळाल्या, परत रविवारी वाटे घातले. ह्या वेळी मी नवीन चाळणी आणणार होते. पण तात्या म्हणाले, “मागल्यासारखंच करा हं ताई, हात बदलू नका.” मग मी जुनीच घेतली.

गुरुवारी कँटीनमध्ये पुरुषांची छाती पुढे असायची.

“फरक हाय,” तात्या म्हणायचे.

“लक्षणीय,” सर म्हणायचे.

“बरं आहे,” इकबाल लाजून म्हणायचा.

“आहे, आहे,” आमचे हे म्हणायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायची तर ते पंख्याकडे बघायचे.

आम्ही बायका चहाकडे बघायचो. चौघीही. कपात इतकं बघण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

सातव्या आठवड्यात फोन आला. सगळ्यांनी जोडीनं यायचं, एकाच खोलीत. डॉक्टर राजोपाध्ये टेबलामागे बसले होते. पुढ्यात आठ फायली. डोळे तारवटलेले.

“असं एकत्र बोलावणं नियमात बसत नाही,” ते म्हणाले. “पण आता नियमात काहीच बसत नाहीये. तुम्हा चौघांना छातीत जळजळ होतेय. चौघांनाही. मुंबईहून मला दोनदा फोन आला. इतर कुठल्याही गावात, कुणालाही हा त्रास झालेला नाही. तुम्ही खाता काय?”

“भाकरी,” तात्या म्हणाले.

“दुसरं. तुम्हा चौघांच्या रक्तात औषध सापडलं. चौघांतही सापडायला नको होतं. आणि चौघांत निम्मं निम्मं. इतकं सारखं, की प्रयोगशाळेनं तीनदा तपासलं.”

खरं सांगते, त्या क्षणी मला आत कुठंतरी बरं वाटलं. चाळीस वर्षांचे वाटे आणि माझा हात.

मग करंदीकर सर उठून उभे राहिले, वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखे, आणि त्यांनी सगळं सांगितलं. कडू, गोड, शून्याची शक्यता, परात. बोकड मात्र वगळला.

“कुणावर अन्याय नको म्हणून केलं,” तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळ हातांत धरलं. मग बोटांच्या फटीतून विचारलं, “आणि जळजळ?”

“संकेश्वरी,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“मिरची. चाळणीत राहिली होती.”

“किती?”

“चवीपुरती.”

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा आठवडे ज्याला ते गुण समजत होते त्याचं नाव त्यांना आत्ता कळत होतं. तात्या तर पार खचले. “म्हंजी ती ऊब मिरचीची?” ते म्हणाले. “आन् मी गावात दोघांस्नी सांगून बसलोय.”

“तुम्हा चौघांचीही नावं कमी करावी लागतील,” डॉक्टर म्हणाले. “माझा नाइलाज आहे.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानं जास्त लागलं. हे खुर्चीत मागे टेकले. मला समोर जतची एसटी दिसायला लागली.

“पण मला एक कळत नाही,” डॉक्टर फायली उघडत म्हणाले. “तुमच्या वह्यांमध्ये सगळं उत्तम आहे. इतकी सुधारणा पूर्ण औषध घेणाऱ्यांतही नाही. निम्म्या औषधावर ही आली कुठून? माने, तुम्ही लिहिलंय, आठवड्यातून चारदा.”

“कुठं?” हिराक्का म्हणाल्या.

“कुठं म्हणजे?”

“न्हाई, मी घरातच होते की. म्हणून इचारलं.”

तात्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. डॉक्टरांचे कान लाल व्हायला लागले, पण आता थांबता येत नव्हतं. त्यांनी पुढची फाईल घेतली. “सर्जेराव. तुमच्या वहीत दर आठवड्याला मंगळवार आणि शुक्रवार. आणि तुमच्या मिसेसच्या फॉर्ममध्ये...” ते वाचायचे थांबले. परत वाचलं. “सोमवार आणि शनिवार.”

डॉक्टरांच्या मनात काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. त्यांनी घाईघाईनं फाईल मिटली आणि टेबलावरचे कागद सारखे करायला घेतले. इकबालची बायको पदराआडून माझ्याकडे बघत होती. हे माझ्याकडे बघत होते.

“म्हंजी आठवड्यातनं चारच झालं की,” तात्या मदतीला आले.

“तात्या, गप बसा,” मी म्हणाले. मग डॉक्टरांना म्हणाले, “डॉक्टर, आमच्याकडे काहीही झालेलं नाही. मंगळवारी नाही, शनिवारी नाही. कुठल्याच वारी नाही. हे बाहेर मिरचीच्या पोत्यांत झोपतात, मी आत झोपते. फॉर्म मी खोटा भरला.”

कुणीतरी सुस्कारा सोडला. बघते तर त्या करंदीकरबाई, ज्यांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

“आमच्याकडेही नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी काय लिहिलंय मला माहीत नाही.”

“माझे आकडे अंदाजे होते,” सर म्हणाले.

इकबालनं नुसती मान खाली घातली. हिराक्कांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“पण का?” डॉक्टरांनी विचारलं. पहिल्यांदाच ते सरळ माझ्याकडे बघत होते. “आम्ही कुणाला सांगणार नव्हतो.”

“तुम्ही तर वाचणार होता,” मी म्हणाले. “ते वाचून तुम्ही ह्यांच्याकडे कसं बघाल, ते मला नको होतं. आणि नाव कमी झालं असतं.”

“आणि तुम्ही?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“हिच्यासाठी,” ते म्हणाले. “ही दर गुरुवारी कामधंदा सोडून येते, त्या बाकावर बसते. हिला बघून कुणी बिचारी म्हणू नये.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचं नेहमीचं बोलणं सुरू झालं. हे औषध अजून नवीन आहे. वर्षभरात दुसरं एक येतंय, त्यात नावं घालता येतील कदाचित. नसा हळूहळू भरतात, कधी दोन वर्षं लागतात, कधी तीन.

“होईल, होईल,” तात्या म्हणाले.

“विज्ञान थांबत नाही,” सर म्हणाले.

“इन्शाल्ला,” इकबाल म्हणाला.

मीही म्हणाले, “होईल की.” दोन वर्षं झाली म्हणजे मुलीचं शिक्षण संपेल, आणि हे जतच्या क्वार्टरमध्ये एकटे भात लावत असतील, असं माझ्या डोक्यात चाललं होतं, आणि तोंडानं मी ‘होईल’ म्हणत होते. सगळेच म्हणत होते. एकमेकांना धीर द्यायची नुसती चढाओढ लागली होती.

हे काहीच बोलत नव्हते. सगळ्यांचं म्हणून झालं, तेव्हा ते माझ्याकडे वळले. लग्नाला वीस वर्षं झाली होती. लोकांसमोर मला ‘अगं’ म्हणायचे, ‘ऐकलंस का’ म्हणायचे, कधी काहीच म्हणायचे नाहीत. नावानं कधी हाक मारली नव्हती. त्या खोलीत, आठ माणसं ऐकत असताना, त्यांनी मारली.

“मालन,” ते म्हणाले, “हे काही बरं होत नाही आता. मी बरा न होताच आत झोपायला आलो, तर तुला चालेल का?”